पाणथळीतील गोगलगाय आणि जनावराचे यकृत

गिरगावात गायवाडी आहे, खेतवाडी आहे. शेत तेथे आता नाही, आणि गाय दिसलीच तर एखाद्या देवळासमोर चाऱ्याच्या पेंढ्यांशेजारी बांधलेली दिसते. शहरातून गोठे गेले. परंतु जनावरांची चिंता वाहणाऱ्या काही जुन्या संस्था मात्र शहरातच राहिल्या. भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ सालचा. परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून उभे राहिलेले बाई साकरबाई पशुरुग्णालय आहे, आणि तेथेच १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होत. कोकणातील खलाटीत किंवा घाटावरच्या तलावाकाठी चरणाऱ्या जनावराला जडणारा एक रोग समजून घ्यावयाचा असेल, तर त्याची सुरुवात गिरणगावातील या महाविद्यालयाच्या शवविच्छेदनाच्या टेबलापासून करणे अधिक सोयीचे पडते. कारण हा रोग जिवंत जनावराच्या अंगावर उशिरा दिसतो; कापलेल्या यकृतात तो प्रथमदर्शनीच दिसतो.

निरोगी म्हशीचे यकृत तांबूस-तपकिरी, गुळगुळीत, चकचकीत आणि धारदार कडांचे असते. पर्णकृमींनी ग्रासलेल्या जनावराचे यकृत टेबलावर ठेवले म्हणजे फरक सांगावा लागत नाही. कडा बोथट झालेल्या असतात, पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यावर फिकट चट्टे व दोरीसारख्या उठून आलेल्या पांढुरक्या रेषा दिसतात. या रेषा म्हणजे जाड झालेल्या पित्तनलिका. गाईबैलांच्या यकृतात पुष्कळदा या नलिकांच्या भिंतींत चुना साचलेला असतो. सुरी चालविली की वाळूवर घासल्याप्रमाणे करकर आवाज येतो. नलिका दाबली असता तपकिरी, चिकट पित्ताबरोबर एकेक चपटा, राखट रंगाचा, पानाच्या आकाराचा कृमी बाहेर पडतो. त्याची लांबी अडीच सेंटिमीटरपासून साडेसात सेंटिमीटरपर्यंत भरते. आपल्याकडील उष्ण प्रदेशात आढळणाऱ्या या जातीला शास्त्रज्ञ फॅसिओला जायगँटिका म्हणतात. हिमालयाच्या थंड पट्ट्यात व युरोपात फॅसिओला हेपॅटिका ही तिची आखूड बहीण आढळते. भारतातील पाळीव जनावरांच्या अशा कृमींची पद्धतशीर नोंद गं. द. भालेराव यांनी १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली आहे.

हे चित्र पाहून सामान्यतः असा समज होतो की, पित्तनलिकेत बसलेला मोठा कृमी हाच काय तो अपराधी. तो अपराधी आहे यात शंका नाही. पण यकृताची पहिली नासाडी त्याने लहान असतानाच करून ठेवलेली असते. चाऱ्याबरोबर पोटात गेलेला सूक्ष्म डिंभ लहान आतड्यात कोशातून बाहेर येतो, आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत उतरतो आणि काही दिवसांत यकृताच्या आवरणाला छिद्र पाडून आत शिरतो. तेथे त्याला राजमार्ग नसतो. यकृताचा मऊ गर कुरतडीत, वाटेतील बारीक रक्तवाहिन्या फोडीत तो दोन-तीन महिने आतल्या आत फिरत राहतो. ज्या वाटेने तो जातो ती वाट प्रथम रक्ताने भरते. मग तेथे शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज येते, दाह होतो, आणि शेवटी मेलेल्या गराच्या जागी घट्ट तंतुमय व्रण तयार होतो. अशा शेकडो वाटा झाल्या म्हणजे यकृताचा काम करणारा भाग कमी होत जातो व नुसते जाळे उरते. त्यानंतर कृमी पित्तनलिकेत स्थिरावतो. तेथे त्याच्या काट्याकाट्यांच्या त्वचेने नलिकेचे अस्तर सतत घासले जाते. शिवाय तो प्रोलीन नावाचे एक द्रव्य मोठ्या प्रमाणात सोडतो व त्यामुळे अस्तर बेसुमार वाढते, असे प्रयोगशाळेतील उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आढळून आले आहे. अशा रीतीने यकृताच्या गराचा दाह आणि पित्तनलिकेचा दाह असे या रोगाचे दोन टप्पे पडतात. औषधाचा प्रश्न येईल तेव्हा हे दोन टप्पे वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

हा डिंभ चाऱ्यावर येतो कोठून, हे कोडे युरोपात फार काळ सुटले नव्हते. १८७९-८० च्या ओल्या हंगामात इंग्लंडमध्ये या रोगाने सुमारे तीस लाख मेंढ्या दगावल्या, तेव्हा त्या शोधाला वेग आला. ऑक्सफर्ड येथे थॉमस व जर्मनीत लॉयकार्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करून १८८१ ते १८८३ या काळात ते सोडविले. उत्तर होते गोडया पाण्यातील एक क्षुल्लक गोगलगाय.

जनावराच्या शेणाबरोबर कृमीची अंडी बाहेर पडतात. ती पाण्यात पडली तर उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत त्यांतून केसाळ डिंभ निघतो. एका दिवसाच्या आत त्याला योग्य जातीची गोगलगाय गाठता आली नाही तर तो मरतो. गाठली तर तिच्या शरीरात तो रूपे पालटीत वाढतो, आणि एका डिंभाचे शेकडो होतात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी हे शेपटीचे नवे डिंभ गोगलगायीतून बाहेर येतात, पाण्यालगतच्या गवताच्या काडीला किंवा भाताच्या रोपाला चिकटतात, शेपूट टाकून देतात व स्वतःभोवती कठीण कोश तयार करतात. हा कोश मोहरीच्या दाण्याहूनही पुष्कळ लहान असतो. नुसत्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसतच नाही. ओलावा टिकला तर तो कित्येक आठवडे जिवंत राहतो. कडक ऊन व कोरडेपणा मात्र त्याला सोसवत नाही.

आपल्याकडे ही कामगिरी करणारी मुख्य गोगलगाय लिम्निया ऑरिक्युलेरिया ही होय. ती ओळखणे कठीण नाही. शिंपला पातळ, फिकट तपकिरी असतो व त्याचे तोंड माणसाच्या कानासारखे पसरट असते. शास्त्रीय नावातही कान आहेच. टोक वर व तोंड आपल्याकडे करून धरली असता तोंड उजव्या हाताला येते. तोंडावर झाकण नसते. भातखाचरात दिसणारी लिंबाएवढी गोल, झाकणाची मोठी गोगलगाय ती ही नव्हे. सपाट चकतीसारखी वेटोळी असलेलीही ही नव्हे. तलाव, पाझरांची डबकी, कालव्याचे कोपरे, बारमाही पाण्याचे ओहोळ अशा संथ व पाणवनस्पती असलेल्या जागी ही राहते.

पावसाळ्यात पाणी सर्वत्र पसरलेले असते आणि वरकस जमिनीवरही गवत मुबलक असते, त्यामुळे जनावरे काठाशी फारशी जात नाहीत. खरा धोका त्यानंतर सुरू होतो. आश्विन-कार्तिकानंतर पाणी ओसरू लागते, माळावरचे गवत वाळते आणि हिरवा पट्टा काय तो तळ्याच्या काठाला उरतो. नेमक्या याच पट्ट्यात कोशांची दाटी झालेली असते. जनावर तेथे चरते, तेथेच पाणी पिते, तेथेच शेण टाकते. हिवाळ्यात पोटात गेलेल्या कोशांचा परिणाम माघ-फाल्गुनात किंवा त्याहून उशिरा दिसू लागतो. तोवर तळ्याचा काठ कोरडा झालेला असतो व त्याचा कोणास संशयही येत नाही.

मुंबईतील म्हशीला हा रोग कसा जडतो, असा प्रश्न येथे कोणी विचारील. एके काळी शहराच्या दाट वस्तीतच दुधाचे तबेले होते. ते बाहेर काढण्यासाठी १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहत उभारण्यास प्रारंभ झाला. सुमारे १,२८७ हेक्टरांच्या त्या आवारात ३२ तबेले व सुमारे १६,००० जनावरे अशी तिची व्यवस्था करण्यात आली. या कामाचे प्रमुख दारा खुरोडी यांना पुढे १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तबेल्यातील म्हैस दावणीला बांधलेली असते, ती तळ्यावर जात नाही. तरीही तिच्या यकृतात पर्णकृमी निघू शकतो, त्याची कारणे दोन. पहिले असे की, तबेल्यात येणारी म्हैस बाहेरगावाहून विकत घेतलेली असते आणि भाकड झाल्यावर पुष्कळ वेळा ठाणे-पालघरकडील किंवा त्याहून दूरच्या खेड्यांत चरावयास पाठविली जाते. कृमी पित्तनलिकेत वर्षानुवर्षे जगू शकतो. म्हणजे म्हैस विकत घेणारा गृहस्थ तिच्याबरोबर तिचे कृमीही विकत घेतो. दुसरे कारण हिरव्या चाऱ्याचे. पॅरा गवतासारखा चारा ओलसर, सांडपाण्याच्या जागी वाढतो. तेथे गोगलगायी असल्या व शेणमिश्रित पाणी पोहोचत असले, तर जनावर तळ्यावर गेले नाही तरी तळे विळ्याने कापून गव्हाणीत आणल्यासारखेच होते.

लक्षणांविषयी बोलताना सावधगिरी बाळगली पाहिजे, कारण सुरुवातीला लक्षण असे काही नसतेच. म्हैस खाते-पिते, पण अंग धरीत नाही. दूध थोडे उतरते. केस रुक्ष होतात, माजावर येण्यास उशीर लागतो, बैल औताला लवकर दमतो. शेतकरी दोष वैरणीला देतो. घरातील वडीलधारी मंडळी दृष्ट लागली म्हणतात. पुढे डोळ्यांची व हिरड्यांची श्लेष्मल त्वचा पांढरी पडते. एक कृमी दिवसाला पाव ते अर्धा मिलिलिटर रक्त घेतो असा अंदाज आहे. शंभर कृमी असले तर हा हिशेब दररोज पन्नास मिलिलिटरांपर्यंत जातो. रक्तातील प्रथिने तयार करणे हे यकृताचे काम. ते मंदावते आणि असलेली प्रथिने नलिकांतून पाझरून जातात. मग रक्तातील पाणी ऊतींत उतरते व जबड्याखाली पखालीसारखी सूज लोंबू लागते. दिवसभर मान खाली घालून चरलेल्या जनावरात ती संध्याकाळी अधिक दिसते व रात्रभर विश्रांतीनंतर सकाळी उतरते. सकाळी सूज नाही म्हणून रोग गेला असे मानू नये.

या सुजेची घटसर्पाशी गल्लत होते, व ती गल्लत महाग पडते. घटसर्पाची सूज गळ्याशी एकाएकी येते, गरम व दुखरी असते, अंगात सणसणीत ताप असतो, श्वास घरघरतो आणि उपचार न झाल्यास जनावर एक-दोन दिवसांत दगावते. पर्णकृमीची सूज थंड, न दुखणारी असते. बोटाने दाबली तर खड्डा पडतो व तो क्षणभर तसाच राहतो. जठरातील रक्तशोषक जंत किंवा पोटात गेलेली तार हृदयापर्यंत पोहोचणे यांमुळेही खालच्या भागात अशी थंड सूज येऊ शकते; म्हणून निदान पशुवैद्याकडूनच करून घ्यावे. मेंढ्यांत प्रकार निराळाच असतो. एका वेळी हजारो कोश पोटात गेले तर डिंभांच्या संचारानेच यकृत फाटल्यासारखे होते आणि सूज वगैरे काही दिसण्यापूर्वीच मेंढी मरते. कळपातील दोन-तीन मेंढ्या असे अचानक गेल्यावरच धनगराला रोगाची वार्ता लागते.

शेणाची तपासणी हा निदानाचा नेहमीचा मार्ग. पर्णकृमीची अंडी जड असल्यामुळे शेण पाण्यात कालवून, गाळून, निवळू दिले म्हणजे ती तळाशी बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती सोनेरी-पिवळी, एका टोकाला झाकण असलेली दिसतात. कोठीपोटात राहणाऱ्या दुसऱ्या एका चपट्या कृमीची अंडी अगदी याच घडणीची, पण रंगहीन असतात. अनुभवी डोळा रंगावरून भेद करतो. ही तपासणी उपयुक्त आहे, परंतु तिची मर्यादा शेतकरी बांधवांना क्वचितच सांगितली जाते. डिंभ पोटात गेल्यापासून अंडी शेणात येईपर्यंत तीन ते चार महिने लोटतात. म्हणजे यकृताच्या गराचा दाह जोरात चालू असताना शेणाचा अहवाल निर्दोष येतो. त्यानंतरही अंडी पित्ताबरोबर हप्त्याहप्त्याने उतरतात, तेव्हा एका दिवसाचा नमुना फसवू शकतो. काठावर चरणाऱ्या जनावरांच्या बाबतीत एकदा ‘अंडी नाहीत’ असा अहवाल आला तर तो निकाल न समजता पुन्हा नमुना द्यावा. अंडी येण्यापूर्वीची यकृताची इजा रक्तातील काही विकरांच्या वाढलेल्या पातळीवरून समजू शकते. पण ती सोय प्रयोगशाळा जवळ असेल तेथेच.

औषधांचा इतिहास फारसा सुखद नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेंढ्यांना कार्बन टेट्राक्लोराइड व गुरांना हेक्झाक्लोरोइथेन देत असत. कृमी मरत, पण आधीच जखमी असलेल्या यकृतावर औषधाचाही घाव बसे. आजची औषधे पुष्कळ सुरक्षित आहेत. तथापि दुकानातून ‘जंताची बाटली’ आणून पाजण्याची जी रीत पडली आहे, ती या रोगात निरुपयोगी ठरते. गोल जंतांवर उत्तम चालणारी फेनबेंडॅझोल किंवा आयव्हरमेक्टिन ही औषधे यकृतातील पर्णकृमीचे काही बिघडवीत नाहीत. ऑक्सिक्लोझानाइड हे पित्तनलिकेत बसलेल्या मोठ्या कृमीला मारते, गरात फिरणाऱ्या लहानग्याला नाही. लहान व मोठे दोन्ही मारणारे औषध ट्रायक्लाबेंडॅझोल होय. परंतु माणसांसाठी दूध देणाऱ्या जनावराला ते देऊ नये. त्याची योग्य वेळ भाकड काळ. हेच एक औषध पुन्हा पुन्हा दिल्याने त्याला दाद न देणारे कृमी निपजतात. ऑस्ट्रेलियात १९९५ मध्येच मेंढ्यांत याचा अनुभव आला. तेव्हा कोणते औषध, किती वजनाला किती व दूध किती दिवस वापरू नये, हे पशुवैद्याने ठरवावयाचे आहे.

वेळेचा विचार असा. मृगापूर्वी दिलेले औषध नलिकेतील मोठे कृमी काढून टाकते, त्यामुळे पावसाळ्याच्या पाण्यात अंडी कमी पडतात. दुसरी मात्रा काठावरच्या चराईनंतर, हिवाळ्याच्या उत्तरार्धात लागते. यांपैकी पहिली मात्रा बहुधा चुकते. मे महिन्यात जनावर बरे दिसत असते व शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात अडकलेला असतो. तरी गावाचे तळे एक असल्यामुळे एकट्याने पाजण्यापेक्षा साऱ्या गावाने एकाच आठवड्यात पाजणे हितावह होय.

औषधाने व्रण भरून निघत नाही. म्हणून कोश पोटात न जाऊ देणे यालाच अधिक महत्त्व आहे. पाणी तळ्यावर पाजण्याऐवजी हौदात भरून पाजावे व हौदाभोवती चिखल होऊ देऊ नये. तळ्याचा काठ कुंपण घालून बंद करणे सर्वांना परवडणार नाही. निदान दिवाळीनंतर तेथील गवतावर जनावरे सोडू नयेत. भाताच्या पेंढ्याकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही. इंडोनेशियातील भातशेतीत असे आढळून आले की, कोश मुख्यतः रोपाच्या बुडाकडील भागावर असतात. त्यामुळे ओल्या खाचरातील पेंढा खाऊ घालावयाचा तर कापणी थोडी वरून करावी, आणि कोणताही ताजा पेंढा दोन-तीन दिवस उलटापालटा करून कडक उन्हात वाळल्याशिवाय गव्हाणीत टाकू नये. शेण थेट खाचरात किंवा ओढ्यात न लोटता खड्ड्यात कुजवावे; कुजताना निघणाऱ्या उष्णतेने अंडी मरतात. बदके गोगलगायी आवडीने खातात, व तिकडील शास्त्रज्ञांनी बदकांचा आणखी एक उपयोग शोधला आहे. बदकांच्या विष्ठेतून येणाऱ्या एका निरुपद्रवी कृमीचे डिंभ गोगलगायीच्या पोटात शिरले म्हणजे ते तेथील पर्णकृमीच्या डिंभांनाच खाऊन टाकतात. पाण्यात मोरचूद टाकून गोगलगायी मारण्याचा जुना सल्ला मात्र आता विसरलेला बरा. त्याने मासे मरतात व मेंढ्यांना विषबाधा होते.

माणसांना या रोगाचे भय किती, हा प्रश्न लालबाग-परळच्या मटणाच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही पडतो. कृमी असलेली कलेजी शिजवून खाल्ल्याने हा रोग होत नाही. माणसालाही तो जनावराप्रमाणेच कोश पोटात गेल्याने, म्हणजे तळ्यातील वनस्पती कच्च्या खाल्ल्याने वा तेथील पाणी न उकळता प्याल्याने होऊ शकतो. तरीही कत्तलखान्यातील पशुवैद्यकीय तपासणीत असे यकृत माणसांच्या आहारास अयोग्य ठरवून बाजूस काढले जाते. मुंबईत हे काम पूर्वी वांद्रे येथे होई, १९७१ पासून देवनार येथे होते. तेथे काढून टाकलेले यकृत ज्या गावच्या जनावराचे, त्या गावाला ही वार्ता पोहोचली तर केवढा लाभ होईल! जनावर दोन-तीन बाजारांतून हातोहात आलेले असते, त्यामुळे ती वार्ता वाटेतच हरवते.

ती हरवू नये म्हणून निदान आपल्या दारी मेलेल्या जनावराच्या बाबतीत तरी पुढील व्यवस्था करावी. जनावर घटसर्पाने किंवा फाशीने मेल्याचा संशय असेल तर ते मुळीच फाडू नये. तसा संशय नसेल, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवून पशुवैद्याकडून शवविच्छेदन करवावे व यकृत उघडून पाहण्याची विनंती करावी. बोटाच्या पेराहून पातळ असे यकृताचे दोन-तीन काप, एक निरोगी भागाच्या सीमेवरचा व एक जाड नलिकेसह, दहा टक्के फॉर्मॅलिनच्या दहापट द्रवात बुडवून रुंद तोंडाच्या बाटलीत घालावेत. कळपातील इतर जनावरांचे मूठभर ताजे शेण निरनिराळ्या स्वच्छ डब्यांत घ्यावे, त्यात फॉर्मॅलिन पडू देऊ नये. प्रत्येक डब्यावर जनावराची खूण, तारीख, ते कोणत्या पाण्यावर जाते व शेवटचे औषध केव्हा व कोणते दिले ते लिहावे. हे नमुने दवाखान्यामार्फत जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेकडे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविता येतात. तळ्याच्या काठावर कानाच्या आकाराच्या गोगलगायी सापडल्या तर त्याही पाच-दहा, ओल्या गवतात गुंडाळून, चिमट्याने उचलून सोबत द्याव्यात.